कांता सिस्टरचं मस्कत

कांता सिस्टरला मस्कतला का जायचंय असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "पगार बरा आहे." पगाराचं कारण सगळ्यांनाच पटतं. विचारणारा मान हलवायचा आणि आपल्या कामाला लागायचा. खरं कारण पाण्याच्या पेल्यांचं होतं, आणि ते तिनं मायलासुद्धा कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. मायला ते ठाऊक होतं ही गोष्ट वेगळी. ते पेले मायनंच तर उचलले होते.

त्याचं असं झालं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आर्वीकडचे पाहुणे कांताला बघायला आले. मुलगा तालुका कचेरीत कारकून. कांता तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, नागपूरला नर्सिंगचा पुरा कोर्स केलेली, सिंदी मेघेला दोन खोल्या भाड्यानं घेऊन माय जिजाबाईसोबत राहणारी. बाप कवडू समुद्रपूरकडच्या एका खेड्यात दुसऱ्याच्या वावरात राबला आणि लवकरच गेला. त्यानं जन्मात एकच हट्ट धरला होता, की पोरगी शिकली पाहिजे. छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेला तेव्हा सहा वर्षांच्या कांताला त्यानं खांद्यावर बसवून नेलं होतं. आलेले पाहुणेही आपल्याच समाजातले, धम्माचं बोलणारे. कांतानं पाणी आणलं. मुलाच्या मामानं पेला हातात घेतला आणि सहज विचारलं, "बाईची नोकरी कोण्या दवाखान्यात आहे म्हणता?"

"कुष्ठधामात," कांता म्हणाली.

मामानं पेला खाली ठेवला. मग मुलानं ठेवला, मग मुलाच्या बहिणीनं. बोलणं मात्र थांबलं नाही. कापसाच्या भावावर झालं, एसटीच्या वेळांवर झालं, वर्ध्याच्या उन्हावर तर भरपूर झालं. त्या उन्हातून चालत आलेल्या पाच माणसांनी पाण्याला तोंड लावलं नाही. उठताना मामा म्हणाला, "कळवतो," आणि काय कळवणार ते तिथंच कळलं. जिजाबाईनं काठोकाठ भरलेले पेले उचलून मोरीत रिकामे केले.

ज्यांच्या बापजाद्यांना गावानं ओंजळीत वरून पाणी ओतलं, त्यांनीच एका शिकल्यासवरल्या पोरीच्या हातचं पाणी असं बाजूला सारावं! कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात गेली असती. कांताला राग आलाच नाही. तिला शरम वाटली, आणि शरम रागापेक्षा वाईट. राग माणूस कुणावर तरी काढतो, शरम घेऊन बसून राहतो. त्यानंतर आणखी दोन स्थळं आली आणि दोन्ही वेळा पेले भरलेलेच राहिले. तिसऱ्या वेळी कांतानं मायला सांगून टाकलं, की आता कोणाला बोलवू नको.

कुष्ठधाम वर्ध्याबाहेर, पळसाच्या झाडांमागं होतं. तिथले व्यवस्थापक भैयाजी म्हणजे खादीतला जुना माणूस, स्वतः रोग्यांचे पाय धुणारा, लग्न न केलेला. या जिल्ह्यात अशा कामाला फार मान. सभा झाली की कलेक्टरपासून सगळे भैयाजींच्या पाया पडत, आणि भाषणात कुष्ठसेवेचं नाव निघालं की टाळ्या थांबत नसत. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुष्ठधामाच्या सिस्टरला सून करून घेणारा मात्र एकही निघाला नाही. मान सभेत असतो, घरात वेगळा हिशोब असतो.

कांताकडे नव्या रोग्यांच्या तपासणीचं काम होतं. अंगावर फिकट चट्टा घेऊन माणूस आला, की त्याला बाकावर बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं, कापसाचं बारीक टोक चट्ट्यावर टेकवायचं आणि कुठं लागलं ते बोटानं दाखवायला सांगायचं. ज्याला समजत नाही त्याच्या चट्ट्याची शुद्ध गेलेली, म्हणजे कुष्ठाचा संशय. मग पुढच्या तपासण्या. साधी गोष्ट, पण आलेला माणूस भ्यालेला असतो. डोळे मिटले की तो अंदाजानं बोलायला लागतो. कापूस लागायच्या आधीच म्हणतो, "हाव, हाव, लागलं ना!" कांता अशा वेळी हसायची आणि म्हणायची, "काय जी, कापूस तं अजून माह्या हातातच आहे!" माणूस ओशाळून डोळे उघडायचा. हजारदा हे झालं असेल. तिला त्या लोकांची कीव यायची, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटायची. मोठी माणसं आणि कापसाच्या टोकाला घाबरतात.

साराम्मा नावाची केरळची सिस्टर तिच्या शेजारच्या खोलीत राहायची. ती एकोणऐंशीला मस्कतला गेली आणि तिथून तिनं आपल्या मोडक्या हिंदीत कांताला पत्र लिहिलं. दवाखाना मोठा आहे, लांब लांब व्हरांडे आहेत, आत थंड हवा सोडतात. आणि पुढं लिहिलं होतं, की इथं मला कुणी विचारत नाही तू कुठून आलीस, आधी कोणत्या वॉर्डात होतीस. सगळे सिस्टर म्हणतात. पेशंट माझ्याच हातून पाणी मागतात.

शेवटचं वाक्य कांतानं किती वेळा वाचलं असेल, कोण जाणे. साराम्मानं आपलं सहज लिहिलं होतं. पण त्या दिवसापासून कांताच्या डोक्यात मस्कत घुसलं ते घुसलंच. वाळूतलं, समुद्राकाठचं, तिनं कधी न पाहिलेलं ते गाव तिच्यापुरतं एवढंच होतं, की तिथं ती पाण्याचा पेला पुढं करते आणि समोरचा माणूस तो घटाघटा पितो.

साराम्मानं एक गोष्ट बजावून लिहिली होती. एजंटच्या नादी लागू नको. नागपुरात, मुंबईत एजंट बसले आहेत, नर्सांना पाठवतो म्हणतात आणि भलतीकडंच नेऊन टाकतात. सरळ मेट्रनला अर्ज कर, मी इथं शब्द टाकते. तेव्हा कांतानं सगळं एकटीनं केलं. कचेरीसमोर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टाकडून इंग्रजी अर्ज करून घेतला. सर्टिफिकेटांच्या नकला काढल्या, त्यांवर सही-शिक्का मिळवायला साहेबांच्या दारात ताटकळली. नर्सिंग कौन्सिलला पत्रं धाडली. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला, तर गल्लीतल्या बाया दारादारांत उभ्या राहिल्या, की या सरळमार्गी सिस्टरनं असं काय केलं!

अर्ज टाईप करण्याआधी कच्चा कागद तिनं भैयाजींना दाखवला. ते तिला घरातल्या वडिलांसारखेच, त्यांना न विचारता पाऊल टाकणं तिला जमलं नसतं. भैयाजींना वाईट वाटलं, पण ते मोठ्या मनाचे. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं आणि शेवटची ओळ बोटानं दाखवली.

"हे खाली काय म्हणून? आठ वर्षांची कुष्ठसेवा आणि तू ती शेवटी टाकतेस? बेटी, हे सगळ्यात वर पाहिजे. जगात कुठंही जा, हे वाचून माणूस उठून उभा राहील."

कांतालाही ते पटलं. पटणारच. वर्ध्याच्या हवेत वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. घरात पाणी न पिणारेसुद्धा त्या सेवेपुढं हात जोडतात हे तिनं पाहिलं होतं. इथल्या लोकांची घरं लहान मनाची, पण बाहेरचं जग शहाणं असेल, असं तिला वाटलं. तिनं ती ओळ वर घेतली. तेवढ्यासाठी तरी एजंट असायला हवा होता. कसलाही लबाड एजंट असता, तरी त्यानं ती ओळ पहिल्याच दिवशी काट मारून उडवली असती आणि वर म्हणाला असता, "सिस्टर, डोकं फिरलं का?"

मेट्रनला ती ओळ खटकली नाही. ती बाई खरंच जाणती असावी. एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर नेमणुकीचं पत्र आलं. अट एकच होती, मुंबईला त्यांच्या ठरलेल्या डॉक्टरकडून तब्येतीची तपासणी. कोणकोणते रोग नसावेत त्याची यादी सोबत होती आणि तीत कुष्ठरोगाचं नाव होतं. कांतानं ते वाचलं आणि तिला काहीच वाटलं नाही. ती ठणठणीत होती. आठ वर्षांत साधा ताप तिनं अंगावर काढला होता, तोही दोनदाच.

मायनं प्रवासासाठी तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या. म्हणाली, "जाय माय. जाऊन ये. मले मंग फोटू धाडजो, तुह्या हातानं कोणी पाणी पेऊन राह्यलं, असा." तेव्हा कांताला कळलं, की मायला सगळं समजलं आहे. ती मायच्या गळ्यात पडून पोटभर रडली. मायही रडली, पण दोघींना त्या दिवशी आनंदच झाला होता.

मुंबईची डॉक्टरीण वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. मध्यम वयाची, कामात बुडालेली बाई. बाहेर बाकांवर पोरी दाटीवाटीनं बसलेल्या. तिनं कांताचा रक्तदाब घेतला, छाती ऐकली, मग टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. पोट चाचपताना तिचा हात थांबला.

कांताच्या बेंबीच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल डाग होता. फिकट, गुळगुळीत, रुपयाएवढा. ती सहा महिन्यांची असताना पोट फुगून धाप लागली, तेव्हा मायनं विळ्याचं टोक चुलीत तापवून तिला डागलं होतं. तिकडच्या खेड्यांत तेव्हा निम्म्या पोरांच्या पोटावर असे डाग असायचे. अंघोळीला नदीवर गेलं की सगळ्यांची सारखीच पोटं. कांताला ते डाग आपल्या नाका-कानांसारखे वाटायचे, म्हणजे आहेत हे लक्षातच नसायचं.

"हे काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लहानपणी डागलंय, डॉक्टर."

"डागलंय म्हणजे?"

"आईनं. विळा तापवून. पोट फुगलं होतं म्हणून."

डॉक्टरीणबाईंना ते झेपलं नाही. तापलेलं लोखंड, तान्ह्या लेकराचं पोट आणि सख्खी आई, ही तीन टोकं त्यांच्या डोक्यात एकत्र बसेनात. त्यांनी अर्ज उचलला. अगदी वरच, सगळ्यांत ठळक, आठ वर्षं कुष्ठधाम. त्यांनी पुन्हा डागांकडं पाहिलं.

"असेलही तसं," त्या म्हणाल्या. "पण मला तपासायला हवं. डोळे मिटा."

कापूस काढल्याचा आवाज कांताला आला. त्या आवाजाइतका ओळखीचा आवाज तिच्या आयुष्यात दुसरा नव्हता. आणि त्या डागांना काही समजत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. भाजल्याची कातडी. खोल भाजली की मेली. त्यात रोगाचा काही संबंध नाही, हेही तिला माहीत होतं, दहा मिनिटांत ती समजावून सांगू शकली असती. नुसतं खरं बोलली असती, की तिथं मला समजत नाही कारण तिथं मी भाजले आहे, तरी कदाचित निभावलं असतं.

पण मिटलेल्या डोळ्यांच्या अंधारात खरं कुठं सुचतं? तिला मामानं खाली ठेवलेला पेला दिसला. मोरीत रिकामे होणारे सगळे पेले दिसले. समजलं नाही असं म्हटलं की संपलं, एवढंच तिच्या जिवाला कळलं. तिनं श्वास रोखला, अंदाज केला आणि बोट डागावर ठेवून म्हणाली, "हाव. लागलं. इथं लागलं."



"सिस्टर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी अजून हात लावलेला नाही."

कांतानं डोळे उघडले. बाईंच्या बोटांत कापूस होता, तिच्या पोटापासून वीतभर दूर. बाई रागावल्या नव्हत्या, आणि तेच भयंकर होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते कांता ओळखत होती. हजार वेळा ते तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर आलं होतं. कीव, आणि थोडी गंमत.

"तुम्ही सिस्टर आहात," बाई म्हणाल्या. "तुम्ही तरी लपवायला नको होतं."

त्यानंतर कांता खूप बोलली. हात जोडले, शप्पथ घेतली, वाटल्यास आत्ता कानाची कातडी खरवडून काचेवर घ्या आणि दुर्बिणीखाली बघा म्हणाली, जंतू सापडला तर मला गोळी घाला म्हणाली. बाईंनी ऐकून घेतलं. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाचं खरं ऐकायला कुणाच्या गाठीला वेळ असतो? बाहेर पोरी थांबल्या होत्या. बाईंनी कागदावर लिहिलं आणि दुसरीला आत बोलावलं.

वर्ध्याच्या गाडीत ती खिडकीशी बसून आली. भुसावळ गेलं, बडनेरा गेलं, तिळाच्या पोळ्या पिशवीत तशाच. डागांचा, डॉक्टरणीचा, अर्जातल्या ओळीचा ती काही विचार करत नव्हती. तिला सारखा एकच आवाज ऐकू येत होता, तिचा स्वतःचा. 'काय जी, कापूस तं अजून माह्या हातातच आहे!' किती जणांना ती असं म्हणाली होती, हसून! त्यांतल्या एकेकाचं तोंड आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भैयाजींना तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच दिवशी तिच्या तपासण्या करवल्या, अंगात रोगाचा मागमूस नाही असं सर्टिफिकेट लिहिलं आणि आपल्या सहीनं, कुष्ठधामाच्या शिक्क्यानं मस्कतला धाडलं. कुष्ठधामाचा शिक्का! भल्या माणसाला त्यातलं काहीच उमगलं नाही. त्याच्या लेखी त्याहून मोठा शिक्का जगात नव्हता. उत्तर आलं ते दोन ओळींचं. जागा भरली आहे, आपल्या पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. मागून साराम्माचं पत्र आलं, की आता इकडच्या कोणत्याच दवाखान्यात अर्ज करू नको, तुझ्या नावापुढं ते लिहिलं गेलं आहे. खाली लिहिलं होतं, मला माफ कर. तिचा काय दोष!

आणि कुष्ठधामातल्या तपासणीची गोष्ट बाहेर फुटायला काय वेळ लागतो? सिस्टरचीच तपासणी झाली म्हणे, एवढं पुरेसं होतं. सिंदी मेघेच्या नळावर कांताची बादली आली की बाया आपापल्या बादल्या जरा सरकवून घ्यायला लागल्या. दूधवाला दूध उंचावरून ओतायला लागला. रोज वरून पडणारी ती दुधाची धार पाहताना कांताला बाप आठवायचा. त्याच्या ओंजळीत असंच पाणी पडायचं. खांद्यावर बसवून एवढं दूर नेलं त्यानं, आणि पोरगी फिरून त्याच धारेखाली आली.

एक मात्र तिनं सांभाळलं. मायला खरं सांगितलं नाही. मुंबईच्या मुलाखतीत इंग्रजी कमी पडलं म्हणून काढलं, असं सांगितलं. जिजाबाईनं ते खरं मानलं आणि मुलाखत घेणाऱ्यांचा उद्धार करत ती गल्लीभर हिंडली. "इंग्रजीनं मारलं माह्या पोरीले," ती ज्याला-त्याला सांगायची. "सुई काय इंग्रजीत टोचतेत का जी?" लोक हसायचे, तपासणीचं मायपुढं कुणी काढत नसे, आणि कांताही हसल्यासारखं करायची. माय आपल्या पदरानं तिचं तोंड पुसून म्हणायची, "फिरून शिक तू इंग्रजी. मी आहो ना. दोन वर्सानं फिरून जाशीन." रात्रंदिवस उरात जळत असलेलं ते कांता गिळून टाकायची. मायनं आपल्याला वाचवायला जे केलं त्यानंच आपण बुडालो, हे तिला कधीही कळू द्यायचं नाही, एवढाच तिचा पण उरला होता.

तो पणही टिकला नाही. पुढच्या हिवाळ्यात एके दिवशी ती ड्यूटीवरून आली तर दारात चपला. आत शेजारची कोकिळा आपलं पाच महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन रडत होती. लेकराचं पोट फुगलेलं, नाकपुड्या फडफडत होत्या, बरगड्यांखाली खड्डा पडत होता. कांताच्या बादलीपासून आपली बादली दूर ठेवणारीच ही कोकिळा, पण जिजाबाईच्या हाताला गुण आहे असं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि लेकरापुढं बाईला दुसरं काय दिसतं? चूल धगधगत होती. माय विळ्याचं टोक निखाऱ्यात धरून बसली होती आणि ते लाल झालं होतं.

"घाबरू नोको व," माय कोकिळाला म्हणत होती. "माही कांता अशीच तं झाल्ती. दोन डाग देल्ले, पाहून घे कशी घोड्यावानी झाली."

कांतानं झडप घालून विळा हिसकला. हात भाजला तेही तिला कळलं नाही. ती जे ओरडली ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"नोको डागू! नोको डागू कोणाले! याच डागानं माह्यं मस्कत गेलं! त्या बाईनं पोट पाह्यलं न् महारोग लिहून देल्ला मले! इंग्रजी नवतं माय, तुह्ये डाग होते, तुह्ये!"

माय चुलीपुढं तशीच राहिली. रिकामी मूठ विळा धरल्यासारखी.

कांताला थांबायला वेळ नव्हता. तिनं लेकरू घेतलं, कोकिळाला ओढलं, चौकातून रिक्षा केली आणि वर्ध्याचा दवाखाना गाठला. ओळखीच्या सिस्टरला हाक मारून लेकराला लगेच आत घ्यायला लावलं. सुई झाली, नळी लागली. संध्याकाळपर्यंत पोराचा श्वास खाली बसला. कोकिळा तिचे पाय धरायला वाकली आणि धरता धरता थबकली. कांतानं ते पाहिलं. ती बाहेर पडली.

घरी आली तर चूल विझलेली, माय त्याच जागी.

"वाचलं लेकरू," कांता म्हणाली. "ऊठ माय. जेवून घे."

माय उठली नाही. तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"मंग इंग्रजी नवतं ते?"

"नाई माय."

"एक सांग मले. तू सिस्टर आहे, तुले समजते. मी तुले डागलंच नसतं, तं तू मेली असती का?"

याचं खरं उत्तर कांताला माहीत होतं. तापलेल्या लोखंडानं कोणतंही लेकरू कधी वाचलं नाही. जी वाचतात ती आपल्या दमावर वाचतात, आणि जी डागूनही जातात त्यांचं पोट कुणी कुणाला दाखवत नाही. तीस वर्षं ही बाई एकाच गोष्टीवर जगली होती, की माझ्या पोरीला मी यमाच्या हातून ओढून आणलं. ते काढून घेतलं तर तिच्याजवळ काय उरणार होतं? तान्ह्या पोरीला उगाच जाळलं आणि तिचा जन्म नासवला, एवढंच. माय तिच्या तोंडाकडं बघत होती. कांतानं मुंबईतल्या त्या टेबलावर डोळे मिटले होते तसे क्षणभर मिटले.

"हाव," ती म्हणाली. "मेली असती. तूच वाचवलं मले, माय."

जिजाबाईनं लांब श्वास सोडला. खांदे सैल पडले. पदरानं तिनं डोळे पुसले, नाक पुसलं. म्हातारी भोळी असली तरी बुद्धीनं कमी नव्हती. पुसता पुसताच ती थांबली आणि तिनं मान वर केली.

"मंग कोकिळाच्या लेकराले काऊन नाई डागू देल्लं तू?"

एका खोट्यानं मस्कत गेलं होतं, या खोट्यानं उद्या एखादं लेकरू जाईल. भाजलेला हात ठणकत होता. ती मायच्या शेजारी जमिनीवर बसली.

"तवा दवाखाना नवता माय. गाडी नवती, सुई नवती, कोणीच नवतं. म्हून तुले डागा लागलं. आता काऊन डागतं? आता मी आहो ना इथं."

"हाव व," माय म्हणाली. तिला ते पटलं. "आता तू आहे ना इथं."

बोलून गेल्यावर कांताला आपलंच वाक्य ऐकू आलं. मुंबईहून आल्यापासून तिनं मस्कतसाठी कपडे भरून नेलेली पेटी उघडली नव्हती, आणि साराम्माचं पत्रही फाडलं नव्हतं. मेट्रनला अजून एकदा लिहावं, दुसरं कुठलं तरी गाव असेल, असं मनाच्या कोपऱ्यात कुठंतरी शिल्लक होतं. ते आता कुणीही न मागता तिनं आपल्या तोंडानं देऊन टाकलं होतं.

माय उठून चूल पेटवायला लागली. फुंकर घालायच्या आधी तिनं माठातून पेला भरला आणि कांतापुढं धरला. कांतानं एक घोट घेतला आणि पेला परत मायच्या हातात दिला. उरलेलं मायनं उभ्या उभ्या पिऊन टाकलं.